खड्डे मोजण्याचं काम

आमच्याकडे जुन्नर तालुक्यात शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की अण्णा स्वेटरवर घोंगडं पांघरून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन दारं धरायला निघत. कांद्याचा एक वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं, तो भरेपर्यंत बांधावर बसायचं. शेजारी ऊस होता आणि उसात बिबट्या असणार हे गृहीतच, म्हणून खिशातला रेडिओ मोठ्याने लावून ठेवायचा. त्याच रात्री, तिथून पाऊण तासाच्या रस्त्यावर, खोडदच्या दुर्बिणीच्या कंट्रोल रूममध्ये मी जागी असायची. आमच्याकडे मात्र रेडिओ लावायची बंदी.

मी तिथे नेमकं काय करते, हे अण्णांना नीट सांगायला मला चार वर्षं लागली. पीएचडीचं पहिलं वर्ष संपत असताना एकदा प्रयत्न केला होता.

"ढग मोजते."

"कसले?"

"हायड्रोजनचे. दोन ताऱ्यांच्या मधल्या जागेत असतात, फार थंड."

"पाऊस देतात?"

"नाही."

"दिसतात तरी?"

"तेही नाही. मागून येणाऱ्या उजेडात त्यांच्यामुळे खड्डा पडतो. तो खड्डा मोजायचा."

अण्णांनी तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली. "खड्डेच मोजायचे होते तर पुणे-नाशिक रोडवर उभी राहिली असतीस. एवढं शिकायचं काय अडलं होतं?"

त्या वेळी मला राग आला होता. आता वाटतं, माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला प्रबंधातही जमलं नाही.

खोडदची दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या १६ तीन दिशांना गावागावांतून पसरलेल्या. सगळ्यांत लांबच्या दोन डिशमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. गोविंद स्वरूप यांनी ती उभी करताना जी युक्ती केली, ती आमच्या भागातल्या कुणालाही लगेच कळते, कारण ती द्राक्षाच्या मांडवाची आहे. जाड पत्र्याची वाटी करण्याऐवजी तारदोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी चढवायची. वारा आरपार जातो, वजन कमी होतं, पैसाही वाचतो. जाळीच्या भोकातून बोट जाईल, पण २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच वाटते.

आणि माझं सगळं आयुष्य तेव्हा त्या २१ सेंटीमीटरच्या लहरीला बांधलेलं होतं. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघंही आपापल्या जागी भोवऱ्यासारखे. दोन्ही भोवरे एकाच दिशेने फिरत असले तर अणूची ऊर्जा किंचित जास्त, उलट दिशांनी असले तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनने पलटी मारली की तेवढा किंचितसा फरक १४२०.४ मेगाहर्ट्झच्या लहरीच्या रूपाने बाहेर पडतो. एकटा सोडलेला अणू अशी पलटी सरासरी १ कोटी १० लाख वर्षांनी एकदा मारतो. हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की या नादाला लागण्यात अर्थ नाही. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की कुठे ना कुठे कुणीतरी पलटी मारतच असतं.

ही लहर सापडू शकेल हे नेदरलँड्समधल्या हेंड्रिक व्हान द हुल्स्टने १९४४ साली सांगितलं, तेव्हा त्याचा देश जर्मनांच्या ताब्यात होता. प्रत्यक्ष सापडली २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डला. हॅरल्ड यूएन नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने प्लायवूडचा मोठा कर्णा करून तो प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढला होता. पाऊस आला की कर्ण्यातून पाणी आत यायचं आणि खालून जाणारी पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची. माझी रात्र वाया गेली की मी तो कर्णा आठवायची. मला निदान कुणी गोळे मारत नव्हतं.

आता ढगांकडे वळू. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नाही, तिच्यात विरळ वायू आहे, आणि त्यातला बहुतेक हायड्रोजन. त्याचे ढोबळ दोन प्रकार. एक सगळीकडे पसरलेला, फारच विरळ, तापमान सात-आठ हजार अंश. सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त. आमच्या धंद्यात त्याला 'वॉर्म' म्हणतात, म्हणजे मराठीत कोमट! दहा लाख अंशांच्या वायूला 'हॉट' म्हणायचं असल्यामुळे याच्या वाट्याला कोमटपणा आला. दुसरा प्रकार माझा: गोळा होऊन बसलेला, थंड, तापमान ८० केल्व्हिनच्या आगेमागे, म्हणजे शून्याखाली १९० अंशांहूनही गार. ढग म्हटला तरी एका घनसेंटीमीटरमध्ये अणू फक्त काही दहा. आपल्या नाकासमोरच्या हवेच्या तेवढ्याच तुकड्यात दोनावर एकोणीस शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे ज्याला मी दाट ढग म्हणते, ती पृथ्वीवरच्या मापाने पक्की पोकळीच.

हे दोन्ही वायू २१ सेंटीमीटरची लहर सोडतात, आणि इथेच अडचण आहे. सोडलेल्या लहरीवरून अणू किती आहेत हे कळतं, ते गार आहेत की कोमट हे सहसा कळत नाही. गारव्याचा पत्ता लागतो तो शोषणातून. लांबवर एखादा क्वेसार असावा, त्याचा रेडिओ-उजेड आपल्याकडे येताना वाटेत ढग लागावा, म्हणजे तो ढग १४२० मेगाहर्ट्झला थोडा उजेड खातो. अणू तेवढेच असतील तर जितका वायू थंड तितका जास्त खातो. कोमट वायू इतकं कमी खातो की त्याचा खड्डा नुसता जाणवायलाही रात्रीच्या रात्री घालाव्या लागतात. माळशेज घाटात पावसाळ्यात समोरून ट्रक येतो तेव्हा धुकं किती दाट आहे ते दिव्यावरून कळतं, धुक्याकडे बघून नाही. माझे ट्रक म्हणजे क्वेसार. शेकडो कोटी वर्षांपूर्वी निघालेले, आणि त्यांच्याशी मला स्वतःला काही देणंघेणं नाही, फक्त त्यांचे दिवे हवेत. क्वेसारवर काम करणाऱ्या मैत्रिणीला हे अजिबात आवडायचं नाही. तिच्या दृष्टीने माझे ढग म्हणजे काचेवरची धूळ.

खोडदला वेळ मागावा लागतो. वर्षातून दोनदा प्रस्ताव जातात, समिती ते वाचते, मग कुणाला आठ तास, कुणाला चाळीस. मिळालेल्या रात्री कंट्रोल रूममध्ये जाऊन बसायचं. डिश फिरवण्याचं काम ऑपरेटर करतात; तीन पाळ्यांत, वर्षभर. मी दिलेली कमांड फाइल ते चालवतात. अमुक वाजता या दिशेला बघा, इतकी मिनिटं थांबा, मग तिकडे वळा. बाहेर ३० वाट्या एकदम माना वळवतात, त्यांच्या मोटारींचा आवाज रात्री ऐकू येतो. आत पडद्यावर आकडे. बघण्यासारखं काहीच नसतं. पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यांना आयपीसला डोळा लावायचा असतो. ज्या रंगीत चित्रांनी मासिकांची पानं भरतात, ते रंग कुणीतरी बसून भरलेले असतात. माझ्या वाट्याला तर चित्रसुद्धा नसायचं. एक रेषा, तिच्यात एक खड्डा.

३० डिशच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीची वेगळी नोंद, प्रत्येक नोंदीत त्या काळच्या यंत्रणेप्रमाणे १२८ चॅनेल. मी अर्धा मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घ्यायची, म्हणजे एक चॅनेल साधारण चार किलोहर्ट्झचा. वेगाच्या भाषेत सेकंदाला ०.८ किलोमीटर. ढग आपल्याकडे येतोय की लांब जातोय यावर खड्डा उजवीकडे-डावीकडे सरकतो, म्हणून आम्ही चॅनेलला वेगातच मोजतो. दुसऱ्या दिवशी पुण्याला येऊन फ्लॅगिंग: म्हणजे खराब नोंदी वेचून बाद करायच्या. कुठे एखादी डिश उशिरा वळलेली, कुठे कुठूनतरी घुसलेली खरखर. तांदूळ निवडण्याचं काम आहे हे. आईने मला लहानपणी सूप हातात दिलं तेव्हा मी पळून गेले होते. मोठेपणी सहा वर्षं तेच केलं. एक मात्र सोय होती. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर राखीव आहे, तिथे कुणीही काही प्रसारित करायचं नाही असा आंतरराष्ट्रीय करार आहे. एखाद्या अणूसाठी सगळ्या देशांनी गप्प बसायचं ठरवावं, ही मला अजूनही नवलाची गोष्ट वाटते.

आता ती रात्र.

जानेवारीतली, कडाक्याच्या थंडीची. मला आठ तास मिळाले होते आणि यादीत तीन क्वेसार होते. दुर्बीण जे नोंदवते ते जसंच्या तसं खरं नसतं. प्रत्येक डिशचा, प्रत्येक फिल्टरचा आपला एक आकार असतो: पट्ट्याच्या कडेला कमी, मध्ये जास्त, कुठे बारीक लाटा. हा यंत्राचा आकार काढून टाकायला एखाद्या ओळखीच्या, ठणठणीत स्रोताकडे बघतात, ज्याचा उजेड या पट्ट्यात सपाट आहे असं आपल्याला माहीत असतं. तो कॅलिब्रेटर. त्याच्यावरून यंत्राचा आकार काढायचा आणि आपल्या नोंदीला त्याने भागायचं. माझा कॅलिब्रेटर होता ३सी१४७. सारथी तारकासमूहात, ब्रह्महृदयापासून फार लांब नाही. तोही क्वेसारच, आणि हिवाळ्यात रात्रभर सोयीचा.

काम सुरळीत झालं. ऑपरेटर म्हणाले, "मॅडम, आज एकही डिश रुसली नाही." मी सकाळच्या गाडीने पुण्याला आले, न झोपता बसले, आणि संध्याकाळी पडद्यावर पहिल्या क्वेसारची रेषा आली. तिच्यात खड्डा होता, अपेक्षेहून उथळ. पण शेजारी एक उंचवटा होता. टेकाडासारखा, स्वच्छ, गुळगुळीत.

उंचवटा म्हणजे उजेड खाल्ला जाण्याऐवजी वाढलेला. असं सहसा होत नाही. इतक्या पसरलेल्या डिशना आकाशभर विखुरलेला हायड्रोजनचा उजेड दिसतच नाही, त्यांना बारीक, टोकदार गोष्टीच दिसतात. म्हणजे हा उंचवटा बारीक जागेतून आलेला असणार. म्हणजे काहीतरी नवीन असणार. मी दुसऱ्या क्वेसारची रेषा काढली. तिथेही उंचवटा. तिसऱ्यातही. मला घाम फुटला. प्रिंट काढले, ते घेऊन मी जवळजवळ पळतच सरांच्या खोलीत गेले.

सर बंगाली, माझ्याशी इंग्रजीत बोलत. त्यांनी तीन कागद एकमेकांवर ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. तीनही टेकाडं तंतोतंत एकावर एक बसली. मग त्यांनी एकच विचारलं, "तुझा कॅलिब्रेटर आकाशात कुठे आहे?"

मी "सारथी" म्हणाले आणि तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत मला कळलं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. तीन वेगळ्या दिशांना त्या वेगाचा वाटा वेगळा, ढगांचे स्वतःचे वेग वेगळे. खरा ढग असता तर तीन रेषांत तीन ठिकाणी दिसला असता. तीनही दिशांना एकाच चॅनेलला जे दिसतं, ते त्या दिशांमधलं नसतं. ते तुमच्या पिशवीतलं असतं.

३सी१४७ आकाशगंगेच्या पट्ट्यापासून जेमतेम दहा अंश वर आहे. त्याच्या वाटेतही ढग आहेत. तो इतर कामांसाठी सपाट असेल, पण नेमका १४२० मेगाहर्ट्झला त्याच्यातही खड्डा आहे, आणि चांगला खोल. मी खड्डा असलेल्या पट्टीने मोजत होते. खड्ड्याने भागलं की उंचवटा येणारच. वर त्या उंचवट्याने माझे खरे खड्डे अर्धेमुर्धे बुजवून टाकले होते, म्हणून ते उथळ दिसत होते.

हे काही नवीन नाही. या कामातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, मलाही होतं. उपाय साधा आहे: कॅलिब्रेटरकडे बघताना पट्टा काही मेगाहर्ट्झ बाजूला सरकवायचा, जिथे आपल्या आकाशगंगेचा हायड्रोजन नसतो. माझ्या कमांड फाइलमध्ये ती ओळ होती. आदल्या दिवशी चाचणी घेताना मीच ती बंद केली होती आणि परत चालू करायची विसरले होते. दुर्बीण निर्दोष होती, ऑपरेटर निर्दोष होते. दोष एका ओळीचा होता, आणि ती ओळ माझी होती.

सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, पहाटे ३सी२८६ कडे बघितलं होतंस ना? बघितलं होतं, सवयीने, दहाच मिनिटं. तो कॅलिब्रेटर आकाशगंगेच्या ध्रुवाच्या दिशेला आहे, पट्ट्यापासून ८० अंश वर. त्या बाजूला हायड्रोजनचा थर अगदी पातळ. त्याच्या दहा मिनिटांवर मी यंत्राचा आकार पुन्हा काढला. खरखर बरीच होती, पण टेकाडं गेली. एका क्वेसारचं काम निभावलं. उरलेल्या दोघांसाठी पुढच्या हंगामात पुन्हा वेळ मागावा लागला, आणि का मागतोय ते प्रस्तावात लिहावंही लागलं.

त्या टेकाडाचा कागद मी जपून ठेवला आहे. तो उलटा धरला की ३सी१४७ च्या वाटेतला ढग दिसतो. माझ्या आयुष्यातला पहिला ढग मी असा पाहिला: चुकून, आणि डोकं खाली पाय वर.

पुढे ढग सरळ दिसू लागले. खड्ड्याच्या रुंदीत किती गोष्टी असतात ते हळूहळू कळलं. गार वायूतले अणू संथ असतात, म्हणून खड्डा अरुंद. गरम वायूतले सैरावैरा, म्हणून खड्डा पसरट. किलोमीटर प्रतिसेकंद या मापात रुंदी घ्यायची, तिचा वर्ग करायचा, २२ ने गुणायचं. येईल तो आकडा म्हणजे तापमान जास्तीत जास्त किती असू शकतं ती कमाल मर्यादा. रुंदी २ आली तर २२ गुणिले ४, ८८ केल्व्हिन. वायूत घुसळण असली की खड्डा आणखी फुगतो, म्हणून खरं तापमान याहून कमीच. हा हिशेब मी बसच्या तिकिटाच्या मागे करायची. नारायणगाव ते शिवाजीनगर प्रवासात, आदल्या रात्रीचे खड्डे. शेजारची बाई विचारायची, उसाचे पैसे का?

खोलीवरून आणखी एक तापमान निघतं. त्यासाठी त्याच दिशेचा सुटलेला उजेडही लागतो, आणि तो आमच्या डिशना दिसत नाही हे वर सांगितलंच. तो मी नेदरलँड्स आणि अर्जेंटिनातल्या एकेकट्या डिशनी केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून घ्यायची. त्या पाहणीचा एक ठिपका पौर्णिमेच्या चंद्राहून थोडा मोठा. माझा क्वेसार त्या मानाने सुईचं टोक. चंद्राएवढ्या जागेचा सरासरी उजेड आणि सुईच्या टोकाचा खड्डा यांचं लग्न लावायचं. मला हे कधीच पूर्ण पटलं नाही. याहून चांगलं काही हातात नव्हतं, म्हणून सगळे करतात, मीही केलं.

थंड आणि कोमट असे दोनच गट का, याचं उत्तर १९६९ साली फील्ड, गोल्डस्मिथ आणि हॅबिंग यांनी दिलं होतं. वायू तापतो आणि निवतोही. आज आपल्याला माहीत आहे की तापवायचं काम मुख्यतः ताऱ्यांच्या उजेडाने धुळीच्या कणांतून उडवलेले इलेक्ट्रॉन करतात, आणि निववायचं काम कार्बनचे आयन. थोडासा कार्बन १५८ मायक्रॉनच्या लहरीतून ऊर्जा बाहेर टाकत राहतो आणि अख्खा ढग गार ठेवतो. दोन्हींचा मेळ दोनच तापमानांना स्थिर बसतो. मधल्या तापमानाचा वायू टिकू नये. तो एकतर गारठून गोळा व्हावा, नाहीतर तापून पसरावा. उतारावर ठेवलेल्या गोटीने मध्येच थांबू नये, तसं.

आणि मोजायला जावं तर मधला वायू भरपूर सापडतो! अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या दुर्बिणीने केलेल्या पाहणीतून कार्ल हाइल्स आणि टॉम ट्रोलँड यांनी २००३ मध्ये सांगितलं की ज्याला आपण कोमट म्हणतो त्यातला जवळजवळ निम्मा वायू ५०० ते ५००० केल्व्हिनच्या मधल्या, टिकू नये अशा पट्ट्यात आहे. माझ्या तुटपुंज्या क्वेसारांनीही तेच सुचवलं. कुणीतरी वायूला सतत ढवळत असणार, फुटणारे तारे असतील, त्यामुळे गोट्यांना उतार उतरायला फुरसत मिळत नसावी. पुस्तकात दोन कप्पे आणि आकाशात अर्धा माल कप्प्यांच्या बाहेर. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी यावर बरंच लिहिलं, पण खरं सांगायचं तर त्या प्रकरणातली तीन पानं ठाम आहेत, बाकीची वीस 'असावं' या शब्दावर उभी आहेत.

या सगळ्यात आपल्याकडची एक रेघ आहे, ती नमूद करायलाच हवी. दक्षिण गोलार्धातून या खड्ड्यांची पहिली मोठी मोजणी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सला झाली आणि ती करणारे होते व्ही. राधाकृष्णन, सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव. ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे संचालक झाले. खोडदच्या डिशवर १४२० मेगाहर्ट्झसाठी जो फीड बसवला आहे, तो त्या संस्थेने बनवला. पुढे २०११ मध्ये पुण्याचे निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी खोडदच्या आणि परदेशांतल्या दोन दुर्बिणींच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की एका चौरस सेंटीमीटरच्या वाटेत दोनावर वीस शून्यं इतके अणू साठल्याशिवाय थंड वायू दिसतच नाही. चादर तेवढी जाड झाली की आतलं थंड राहतं. त्याहून पातळ असली की ताऱ्यांचा अतिनील उजेड आरपार जाऊन सगळं तापवतो. इतका सोपा, मोजता येणारा उंबरठा इतकी वर्षं समोर असून कुणाला दिसला नव्हता. तो निबंध वाचला त्या दिवशी मला हेवा वाटला, हे लपवत नाही.

मी आता तालुक्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दुर्बिणीवर जाणं होत नाही. खोडदची यंत्रणा दरम्यान बदलली, १२८ चॅनेल ही आता सांगायची गंमत झाली आहे. अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० ला कोसळली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोविंद स्वरूप गेले. अण्णा अजून रात्रीचं पाणी भरतात, मी नको म्हटलं तरी.

मागच्या चैत्रात घरी गेले होते. रात्री जेवून त्यांच्याबरोबर बांधावर गेले. पंप चालू झाला, पाणी दांडाला लागलं. मघा नक्षत्र जवळजवळ डोक्यावर होतं. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, त्या ताऱ्याच्या आसपास, त्याच्याही अलीकडे एक ढग आहे. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यांत जवळच्या थंड ढगांपैकी. १९६९ मध्ये सापडला." त्या ढगावर मी स्वतः कधी काम केलं नाही, पण शिकवताना नेहमी सांगते. तापमान अवघं २० केल्व्हिनच्या आसपास, उणे २५३ अंश. भोवती मात्र दहा लाख अंशांच्या विरळ वायूची पोकळी. भट्टीत बर्फाचा खडा राहावा तसा तो तिथे आहे. अंतर चाळीस आणि ऐंशी प्रकाशवर्षांच्या मध्ये कुठेतरी. मघा तारा ७९ वर.

अण्णांनी बॅटरी विझवली आणि बराच वेळ वर बघितलं.

"तिथे तर काहीच नाही," ते म्हणाले.

"हो."

"मग तुम्ही मोजला कसा?"

"खड्ड्यावरून."

"हां, खड्डा," असं म्हणून ते दारं मोडायला उठले, वाफा भरला होता.

चैत्रात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर गेलात तर मघा तुम्हालाही डोक्यावर सापडेल. ढग दिसणार नाही. पण तो तिथे आहे.